चवदार तळे खुले झाले, हापशातल्या विषाचे काय?

दरवर्षी २० मार्चला आपला समाज महाडला लोटतो. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि हजारो वर्षे नाकारलेला हक्क बजावला. वास्तविक पाहता सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ सालीच मंजूर केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून तळे खुलेही केले होते, पण कागदावर! सत्याग्रहानंतर सनातन्यांनी काय केले, हे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. तळे बाटले म्हणून १०८ घागरी पंचगव्य त्यात ओतून त्यांनी ते 'शुद्ध' करून घेतले. पुढे कोर्टकचेरी झाली आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

म्हणजे ज्या पाण्यात काहीही बिघडले नव्हते, ते शुद्ध करण्यासाठी गाव एक झाले. आणि आज ज्या पाण्यात खरोखरच विष आहे, जे पिऊन माणसे कमरेतून वाकतात, पोरांचे दात तपकिरी होतात, ते शुद्ध करायला मात्र कोणी पुढे येत नाही. का? कारण ते पाणी बहुतेक ठिकाणी वस्तीतल्या हापशाचे असते.

हा प्रश्न फ्लोराईडचा आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या वाचकांना तो नवा नाही. केळापूर, झरी जामणी, किनवट या भागातल्या कार्यकर्त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला आहे. इतर जिल्ह्यांत मात्र दूषित पाणी म्हटले की गढूळ पाणी, जंत, कावीळ, गॅस्ट्रो एवढेच आठवते. फ्लोराईडच्या पाण्याला रंग नसतो, वास नसतो. ते काचेसारखे स्वच्छ दिसते, पुष्कळदा चवीलाही चांगले लागते. उकळले तर फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. टीसीएल पावडर टाकली तर जंतू मरतात, फ्लोराईडला काही होत नाही. तुरटी फिरवली, कपड्याने गाळले, माठात ठेवले तरी ते आहे तिथेच राहते. आईने, आजीने शिकवलेले पाणी शुद्ध करण्याचे सगळे उपाय इथे निकामी ठरतात.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे. त्यानुसार एका लिटरमध्ये फ्लोराईड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही दीड मिलिग्रॅमच आहे. त्यापुढे दातांवर डाग पडू लागतात. तीन ते सहा मिलिग्रॅमचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की हाडांवर परिणाम होतो आणि दहाच्या वर गेले की माणूस अपंग होऊ शकतो. हे दुखणे भारतात काल-परवा सापडलेले नाही. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात १९३७ सालीच डॉक्टरांनी त्याची नोंद करून ठेवली होती. म्हणजे चवदार तळ्याचा निकाल लागला त्याच वर्षी!

दाताचे दुखणे लहानपणीच ठरते. हिरडीच्या आत पक्का दात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत जे पाणी पोटात जाते, ते त्या दातावर कायमची खूण करून जाते. आधी खडूसारखे पांढरे पट्टे, मग पिवळे, मग तपकिरी. ते घासून निघत नाहीत. वस्तीतला पोरगा तालुक्याच्या शाळेत गेला की मास्तर म्हणतात, "खर्रा खातोस काय रे?" पोरगी वयात आली की पाहायला आलेले पाहुणे तिच्या हसण्याकडे बघतात आणि निरोप पाठवत नाहीत. ज्या पोरीने खर्रा तोंडाला लावला नाही, तिने हा डाग आयुष्यभर का सोसावा?

हाडाचे दुखणे मात्र सावकाश येते. आधी मान आणि कंबर आखडते. सकाळी उठताना गुडघे धरतात. पाठ वाकवून जमिनीवरची वस्तू उचलता येत नाही. काही मुलांचे पाय गुडघ्यात आत वळतात. चाळिशीतला माणूस सत्तरीतला दिसू लागतो. तो डॉक्टरकडे जातो, तिथे संधिवात म्हणून गोळ्या मिळतात, सुई मिळते, दोन दिवस बरे वाटते. घरी येऊन तो पुन्हा त्याच हापशाचे पाणी पितो. हाडात साचलेले फ्लोराईड काढून टाकणारे औषध नाही. पाणी बदलणे, आणि दूध, हिरव्या भाज्या, आवळा, लिंबू असा आहार देऊन पुढचे नुकसान थोपवणे एवढेच करता येते. ज्या घरात चहालाही दूध नाही, त्या घराला हा सल्ला द्यायचा तरी कसा?

इथे सरकारी मोजमापातली एक मेख लक्षात घेतली पाहिजे. मानक लिटरमागे आहे. शरीर मात्र दिवसभरात एकूण किती गेले ते मोजते. पंख्याखाली बसून काम करणारा साहेब दिवसाला दोन लिटर पाणी पितो. विदर्भाच्या मे महिन्यात रोजगार हमीच्या कामावर माती उपसणारी बाई सहा लिटर पिते. पाण्यात तीन मिलिग्रॅम फ्लोराईड असेल तर साहेबाच्या पोटात सहा मिलिग्रॅम जाते, तिच्या पोटात अठरा. पाणी 'पास' झाले, म्हणजे बरोबर दीड मिलिग्रॅम निघाले, तरी साहेबाच्या पोटात तीन आणि तिच्या पोटात नऊ! शिवाय तिचा भात, डाळ, पोरांची शाळेतली खिचडी त्याच पाण्यात शिजते. आणि अंगात कॅल्शियम कमी असले की फ्लोराईड अधिक नडते. हाच हापसा सुखवस्तू माणसाच्या दारात असता तर त्याला एवढा नडला नसता. मानक एकच, पण कष्टकऱ्याला ते पुरत नाही, हे ध्यानात घ्यायला कोणत्या समितीची गरज आहे?

आता मूळ प्रश्न. हे पाणी वस्तीच्या वाट्याला आले कसे?

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या विहिरी कोरड्या पडल्या आणि खडक फोडणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. त्याच सुमारास केंद्राचा त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तर सोलापूरच्या हातपंपावरून 'इंडिया मार्क दोन' हा मजबूत हातपंप तयार झाला आणि देशभर पोचला, परदेशातही गेला. अडीचशे माणसांमागे एक हातपंप असे माप ठरले. अनुसूचित जातींसाठी २५ टक्के निधी राखून ठेवण्याची तरतूद झाली. या योजनेने हजारो बायांच्या डोक्यावरचा हंडा हलका केला आणि गढूळ पाण्याने होणारे रोग कमी केले, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्यांनी पाटलाच्या विहिरीवर 'वाढ गं माय' म्हणत तास-तास घालवले, त्यांच्यासाठी दारातला हापसा ही केवढी मोठी गोष्ट होती!

परंतु त्या हापशाने आणखी एक काम केले. त्याने गावाला अडचणीतून सोडवले. सार्वजनिक विहिरीवर दलितांनी पाणी भरावे हा कायदा होता, पण तो अमलात आणायचा म्हणजे गावात तंटा, बहिष्कार, पोलीस. त्यापेक्षा वस्तीत वेगळा हापसा बसवून द्या, म्हणजे गावची विहीर गावाला आणि हापसा वस्तीला! तंटामुक्त गाव! पुढाऱ्याने नारळ फोडला, फोटो काढला, आपल्याही कार्यकर्त्यांनी हार घातले. वेगळ्या पाणवठ्याला विकासकाम असे नाव मिळाले. चवदार तळ्यावर जो हक्क मागितला होता, तो सामायिक पाण्याचा होता. वेगळ्या पाण्याची सोय मागायला बाबासाहेब महाडला गेले नव्हते.

या तडजोडीची रासायनिक किंमत कोणीच मोजली नाही. ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीच्या जुन्या कठीण खडकात फ्लोराईडची खनिजे असतात. पाणी जितके खोल आणि जितकी वर्षे त्या खडकाच्या संगतीत राहील, तितके फ्लोराईड त्यात विरघळते. पावसाचे पाणी मुरून भरणाऱ्या उथळ विहिरीत ते सहसा कमी असते, खोल विंधनविहिरीत जास्त सापडते. म्हणजे गावची जुनी उघडी विहीर आणि वस्तीची दोनशे-तीनशे फुटांची बोअर यांच्या पाण्यात फरक पडू शकतो, आणि तो जातीच्या रेषेवरून जातो! कोणी जाणूनबुजून विष पाजले असे आम्ही म्हणत नाही. पण बोअर घेताना पाणी किती लागले हे पाहिले गेले, कसले लागले हे पाहिले गेले नाही. आदिवासींच्या बाबतीतही तेच. यवतमाळमधल्या कोलामांच्या पोडावर हापसा बसवला की पाणीपुरवठा झाला अशी नोंद होते आणि फाईल बंद होते.

कोणी म्हणेल, मग उघड्या विहिरीकडे परत जायचे काय? तेही इतके सोपे नाही. उथळ पाण्याचा शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे नायट्रेट. शेतात ओतलेला युरिया, उकिरडे, संडासाचे शोषखड्डे यांतून ते झिरपते. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची. वरच्या दुधावरच्या तान्ह्या पोराला असे पाणी गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, अंग निळसर पडते, जीवही जाऊ शकतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट आणि सुमारे ९ टक्के नमुन्यांत फ्लोराईड मर्यादेबाहेर आढळले. नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या पंधरा जिल्ह्यांत वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ असे सात जिल्हे एकट्या महाराष्ट्राचे होते. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतून ज्या जिल्ह्यांची नावे आपल्याला पाठ झाली, त्यातलीच पुष्कळशी ही नावे आहेत.

आणि गावाच्या उताराला कोण राहते? गावाची गटारे कोणाच्या दिशेने वाहतात? उथळ पाणी घ्यावे तर गावाची घाण, खोल जावे तर खडकाचे विष. नांदेड आणि यवतमाळ ही नावे तर दोन्ही यादीत आहेत.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. फ्लोराईड काढण्याची स्वस्त पद्धत आपल्या नागपूरच्याच 'नीरी' या संस्थेने शोधली. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून पाणी ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी घ्यायचे. नलगोंडा जिल्ह्यावरून तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पण ती रोज करावी लागते, प्रमाण चुकले तर पाण्यात ॲल्युमिनियम उरते, आणि उरलेला फ्लोराईडचा गाळ टाकायचा कुठे हा प्रश्न राहतोच. हातपंपाला जोडायची गाळण यंत्रे आली. त्यातला माल ठरावीक दिवसांनी रसायनाने धुवावा लागतो. ते धुणार कोण, पैसे कोण देणार? यंत्र बसवण्यासाठी टेंडर निघते, धुण्यासाठी निघत नाही. अशी गंजलेली यंत्रे ज्यांनी पाहिली त्यांना अधिक सांगायला नको. २००८-०९ मध्ये केंद्राने फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू केला.

मग आला आरओचा जार. नाणे टाका, कॅन भरा. ज्याच्या खिशात रोज नाणे आहे त्याचा प्रश्न सुटला आणि त्याच्याबरोबर गावाचा आवाजही गेला. सरपंच, गुरुजी, दुकानदार जार पितात. हापशाच्या पाण्याबद्दल ग्रामसभेत बोलणार कोण? ज्यांना बोलता येते ते जार पितात आणि जे हापशाचे पितात त्यांचे कोणी ऐकत नाही.

२०१९ मध्ये जलजीवन मिशनची घोषणा झाली. घरोघरी नळ, माणशी रोज ५५ लिटर, तेही मानकाप्रमाणे शुद्ध. त्यात दूषित पाण्याच्या वस्त्यांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या गावांना प्राधान्य देण्याचे लिहिले आहे. २०२४ ची मुदत हुकली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवली गेली. धरणाचे किंवा नदीचे पाणी शुद्ध करून नळाने देणे हाच फ्लोराईडवरचा खरा उपाय आहे. तेलंगणाने मिशन भगीरथमधून कृष्णेचे पाणी नलगोंड्याला नेऊन तो मार्ग दाखवला. पण नळ म्हणजे नदीचे पाणी असे समजू नका. अनेक गावांत त्याच बोअरचे पाणी मोटरीने टाकीत चढवतात आणि नळाने सोडतात. विष तेच, फक्त हापसायचे कष्ट वाचले!

खरी मेख तपासणीत आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीला लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. हिरवे कार्ड आले की सरपंच खूश. पण ही कार्डे पाणवठ्याची स्वच्छता आणि साथीच्या रोगांचा धोका पाहून दिली जातात. हिरव्या कार्डाच्या गावात फ्लोराईड चार मिलिग्रॅम असू शकते. हापसा दूषित निघाला तर त्यावर लाल रंग फासला जातो. ज्या बाईला दुसरा पाणवठा नाही, ती लाल हापशाचेच पाणी भरते. तिला लाल रंग देऊन प्रशासनाने आपली जबाबदारी तेवढी झटकलेली असते.

तपासणी लोकांच्या हाती आली की काय होते, हे अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने दाखवले. तिथे निम्म्याहून अधिक वस्ती काळ्या लोकांची, आणि गरिबी मोठी. २०१४ च्या एप्रिलमध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचे पाणी बदलून फ्लिंट नदीचे सुरू केले गेले. पाईप गंजू नयेत म्हणून जे रसायन घालायला हवे ते घातले नाही. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले. शिसे लहान पोरांच्या मेंदूवर घाला घालते. बाया बाटल्यांत तांबूस पाणी घेऊन सभांना गेल्या, अधिकारी सांगत राहिले की पाणी सुरक्षित आहे. गंमत अशी की मोटारीच्या इंजिनांचे भाग गंजतात म्हणून जनरल मोटर्सच्या कारखान्याने त्याच वर्षी ते पाणी घेणे बंद केले होते. लोखंड वाचवले गेले, काळी पोरे पीत राहिली! २०१५ साली नागरिकांनी व्हर्जिनिया टेकच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने स्वतः शेकडो घरांतले नमुने गोळा केले. डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातले वाढलेले शिसे आकड्यांनिशी मांडले, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये पाणी बदलले. पुढे मिशिगनच्या नागरी हक्क आयोगाने २०१७ च्या अहवालात या साऱ्याच्या मुळाशी व्यवस्थेत मुरलेला वंशभेद असल्याचे नोंदवले. आपल्याकडच्या कोणत्या आयोगाने हापशाच्या पाण्यातली जात मोजली आहे?

आपल्याकडे कायदा कमी नाही. सुभाषकुमार खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात अनुसूचित जाती-जमातींचा पाणवठा घाण करून वापरण्यास कमी योग्य करणे हा गुन्हा आहे. पण तो गुन्हा एखाद्या माणसावर लागतो. तपासणी न करता बोअर मारून देणारी आणि दूषित निघाल्यावर लाल रंग फासून निघून जाणारी यंत्रणा कोणत्या कलमात बसते?

म्हणून वस्तीतल्या शिकलेल्या पोरांना सांगणे आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच जणांना, शक्यतो महिलांना, पाणी तपासणीचे किट आणि प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ते किट ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे की वापरात, हे आधी पाहा. त्या पाच जणींत आपल्या वस्तीची एक तरी आहे काय, ते विचारा. किटमध्ये थेंब टाकला की रंग बदलतो आणि तक्त्याशी ताडून फ्लोराईडचा अंदाज येतो. शाळकरी पोरगीही ते करू शकते. शंका आली तर स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत नमुना घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या, पोच घ्या. शाळेतल्या पहिली ते सातवीच्या पोरांचे दात पाहण्यासाठी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला लेखी अर्ज द्या, कारण दात हा फ्लोराईडचा सर्वांत आधी दिसणारा पुरावा आहे. अहवाल मिळत नसेल तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे.

आणि पुढच्या ग्रामसभेत पाण्याचा अहवाल मोठ्याने वाचून दाखवायला लावा. गावाचे पाणी योग्य आहे, एवढ्यावर सही करू नका. नमुना कोणत्या वस्तीतल्या कोणत्या हापशाचा घेतला, त्या बोअरची खोली किती, आणि गावच्या विहिरीचा आकडा किती निघाला, हे तिन्ही त्या कागदावर लिहून घ्या. वस्तीच्या हापशाचा आकडा जास्त निघाला तर त्याच सभेत गावच्या विहिरीवरून वस्तीला नळ जोडून देण्याचा ठराव मांडा आणि विरोध कोण करतो त्याची नावे प्रोसिडिंगमध्ये नोंदवायला लावा.